गुरुत्वाकर्षण आणि न दिसणाऱ्या दिशा

ट्रॉम्बेच्या टेकडीच्या दक्षिणेस, खाडीच्या पाण्यापलीकडे, घारापुरीचें बेट आहे. त्या बेटावरील लेण्यांतल्या भव्य मूर्तीला लोक त्रिमूर्ति म्हणतात. परंतु ती पंचमुखी सदाशिवाची मूर्ति होय, असें मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनीं दाखवून दिलें आहे. तीन मुखें शिल्पकारानें कोरलीं. चौथें पाठीमागच्या खडकांत आहे असें मानावयाचें, आणि पांचवें ऊर्ध्वमुख मनानेंच जाणावयाचें. इकडे टेकडीच्या पायथ्याशीं १९५४ सालीं अणुशक्तीच्या संशोधनाची संस्था स्थापन झाली, आणि १९६७ पासून ती भाभा अणुसंशोधन केंद्र ह्या नांवानें ओळखली जाते. एका तीरावर न दिसणाऱ्या मुखांची मूर्ति आणि दुसऱ्या तीरावर पदार्थाच्या अंतरंगाचा शोध करणारी संस्था, हा योग केवळ भूगोलाचा आहे. त्यांतून कोणताहि सिद्धांत काढण्याचा आमचा इरादा नाहीं. तथापि ज्या प्रश्नाचा इतिहास आम्ही येथें सांगणार आहों, त्याची आठवण ह्या जागीं होणें स्वाभाविक आहे. तो प्रश्न असा कीं, लांबी, रुंदी आणि उंची ह्या तीन दिशांखेरीज अवकाशाला आणखी दिशा आहेत काय. आणि असल्यास त्यांची बातमी गुरुत्वाकर्षणाकडून आपणांस कशी मिळेल?

प्रश्न ऐकून कित्येक वाचकांस तो वेदांताचा वाटेल. पण तो तराजूचा आहे, आणि तराजूनेंच सोडविण्याचा प्रयत्न झाला आहे. हें कसें, तें समजण्यासाठीं प्रथम न्यूटनच्या नियमाकडे वळलें पाहिजे.

अंतर दुप्पट झालें कीं आकर्षण चौथाई होतें, तिप्पट झालें कीं नवमांश होतें, हें शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास पाठ असतें. पण वर्गच कां? घनमूळ कां नाहीं, घन कां नाहीं? ह्याचें उत्तर देवघरांतील समईपाशीं मिळण्यासारखें आहे. समईपासून एका हातावर धरलेल्या कागदावर जेवढा प्रकाश पडतो, तेवढाच प्रकाश दोन हातांवर तशाच चार कागदांवर वांटला जातो. कारण अंतर दुप्पट होतांच प्रकाशाला उंचींतहि दुप्पट पसरावें लागतें आणि रुंदींतहि. म्हणजे 'वर्ग' हा गुण मूळचा प्रकाशाचा नव्हे, तो अवकाशाचा आहे. अवकाशाला दोनच दिशा असत्या तर हीच घट सरळ अंताराच्या प्रमाणांत झाली असती. चार असत्या तर घनाच्या प्रमाणांत झाली असती. दिशांच्या संख्येंतून एक वजा करावा आणि तो अंतराचा घातांक समजावा, इतका हा हिशेब सोपा आहे. गुरुत्वाकर्षणासहि तो तसाच लागू पडतो. म्हणून आकर्षण अंतराबरोबर कसें कमी होतें हें ज्यानें काटेकोरपणें मोजलें, त्यानें अवकाशाच्या दिशाच मोजल्या असें म्हणावयास हरकत नाहीं.

ही गोष्ट प्रथम कांट ह्या जर्मन तत्त्वज्ञाच्या ध्यानांत आली. ऐन तारुण्यांत लिहिलेल्या आपल्या पहिल्या ग्रंथांत त्यानें अवकाशाच्या तीन दिशांचा संबंध व्यस्तवर्गाच्या नियमाशीं जोडला. पुढें १९१७ सालीं लायडन येथील एहरेनफेस्ट ह्या भौतिकशास्त्रज्ञानें गणितानें दाखविलें कीं, अवकाशाला चार दिशा असत्या तर ग्रहांच्या कक्षा टिकल्याच नसत्या. थोडासा धक्का बसतांच पृथ्वी एक तर सूर्यांत जाऊन पडली असती किंवा कायमची दूर निघून गेली असती. आपण हा निबंध वाचावयास जिवंत आहों, हाच निदान मोठ्या अंतरावर तीनच दिशा असल्याचा एक पुरावा होय.

येथें एक खुलासा करणें आम्हांस अवश्य वाटतें. आमच्या भास्कराचार्यांनीं सिद्धांतशिरोमणींत पृथ्वीच्या आकृष्टिशक्तीचा उल्लेख केला आहे, आणि तो आम्हांस भूषणावह आहे. परंतु ती शक्ति अंतराबरोबर कशी घटते हा प्रश्न तेथें उपस्थित झालेला नाहीं. आणि ह्या निबंधाचा सारा भार त्याच प्रश्नावर आहे. पूर्वजांच्या पदरीं जें नाहीं तें बांधल्यानें त्यांचा मान वाढत नाहीं.

न्यूटननें १६८७ सालीं आपला नियम जगापुढें मांडला तेव्हां त्याची कसोटी चंद्रावर लागली होती. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून सुमारें साठ पृथ्वीत्रिज्या दूर आहे. तेव्हां झाडावरून सुटलेलें फळ एका सेकंदांत जेवढें खालीं येतें, तेवढेंच चंद्रानें पृथ्वीकडे ओढलें जाण्यास एक मिनिट लागावें. आणि तसेंच घडतें. ही परीक्षा लाखों कोसांची झाली. हातभर अंतराची परीक्षा व्हावयास मात्र आणखी एक शतक जावें लागलें. १७९८ सालीं हेन्री कॅव्हेंडिश ह्यानें लंडनमध्यें तारेला आडवी दांडी टांगून, तिच्या दोन टोकांस शिशाच्या लहान गोळ्या बसवून, त्यांच्याजवळ प्रत्येकीं सुमारें १५८ किलो वजनाचे शिशाचे मोठे गोळे आणले आणि तारेस पडलेला पीळ मोजला. मूळ कल्पना जॉन मिचेल ह्या धर्मोपदेशकाची. तो १७९३ सालीं वारला आणि त्याचें यंत्र फिरत फिरत कॅव्हेंडिशच्या हातीं आलें. माणसाच्या अंगाच्या उष्णतेनें खोलींतील हवा हलूं नये म्हणून कॅव्हेंडिश खोलीबाहेर उभा राहून दुर्बिणींतून पीळ वाचीत असे. लहान व मोठ्या गोळ्यांच्या मध्यांतील अंतर सुमारें नऊ इंच होतें. ह्या पिळाच्या तराजूनें पृथ्वीची घनता पाण्याच्या जवळजवळ साडेपांचपट ठरली, आणि आजचा आंकडाहि त्याहून फारसा वेगळा नाहीं.

चंद्राचें अंतर जमलें, नऊ इंचांचें अंतर जमलें. तेव्हां मधलींहि सारीं अंतरें जमलींच असतील आणि नऊ इंचांखालचींहि जमतील, असें विद्वानांनीं गृहीत धरलें. गृहीत धरण्यांत चूक नव्हती. परंतु गृहीत धरलेली गोष्ट व मोजलेली गोष्ट ह्यांतील सीमा हळूहळू पुसट होत गेली, ही चूक झाली. आमच्या विषयाचा खरा इतिहास ही सीमा पुन्हां आंखण्याचा आहे.

ज्या दिशा आपणांस दिसत नाहींत त्या असतील तरी कोठें, ह्याचें एक उत्तर विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत मिळालें. थिओडोर कालुझा ह्या जर्मन गणितज्ञानें १९१९ सालीं आइन्स्टाइनकडे एक निबंध पाठविला. तो १९२१ सालीं छापला गेला. काल धरून जगाला चार परिमाणें आहेत असें आइन्स्टाइननें मानलें होतें. कालुझानें पांचवें घातलें आणि त्यामुळें गुरुत्वाकर्षण व विद्युच्चुंबकत्व एकाच समीकरणांत बसूं लागलें. पांचवें परिमाण दिसत कां नाहीं, ह्या आक्षेपास ऑस्कर क्लाइन ह्यानें १९२६ सालीं उत्तर दिलें: तें स्वतःवरच वळलेलें, आणि अतिशय बारीक आहे.

ट्रॉम्बेच्या धक्क्यावर कोळ्यांच्या होड्या बांधलेल्या असतात. दुरून पाहणारास होडीचा दोर म्हणजे नुसती एक रेघ दिसते. तिच्यावरून पुढें जावें किंवा मागें यावें, तिसरी वाट नाहीं. परंतु त्याच दोरावर चालणाऱ्या मुंगीस दोराभोंवतीं फिरण्याचीहि वाट आहे, आणि ती फिरून पुन्हां पहिल्या जागीं येते. दोराच्या जाडीहून मोठ्या अंतरांत ती दिशा असून नसल्यासारखी. जाडीहून लहान अंतरांत ती इतर दिशांइतकीच खरी. आकर्षणाचेंहि असेंच होईल. दोन वस्तूंमधील अंतर त्या वळलेल्या दिशेच्या घेराहून पुष्कळ अधिक असेल तोंवर न्यूटनचा व्यस्तवर्ग अबाधित राहील. अंतर त्याहून कमी झालें म्हणजे आकर्षणाला पसरावयास आणखी जागा मिळेल, आणि घातांक वाढेल. अशा दोन दिशा असल्या तर अंतर निम्मे केल्यावर आकर्षण चौपट न होतां सोळापट होईल. क्लाइननें काढलेला घेर मात्र सेंटिमीटरचा एकावर तीस शून्यें इतकावा भाग होता. त्याची परीक्षा करणारा तराजू मानवाच्या हातून घडण्याची आशा नव्हती. म्हणून हा विचार पुष्कळ वर्षें गणिताच्या कपाटांत पडून राहिला.

मध्यंतरीं न्यूटनच्या नियमावर दुसऱ्याच बाजूनें संशय आला, आणि त्याच्या निरसनांत आमच्या देशाचा हात लागला. १९८६ सालीं एफ्राइम फिशबाख ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं हंगेरीच्या एत्वेश ह्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं केलेल्या प्रयोगांचे जुने आंकडे पुन्हां तपासले, आणि निसर्गांत एक पांचवें बल असावें असें प्रतिपादन केलें. हें बल शेंदोनशें मीटरांपर्यंतच पोंचणारें, आणि पदार्थापदार्थांत भेद करणारें; म्हणजे तांब्यावर एक आणि शिशावर दुसरें. ऑस्ट्रेलियांतील खाणींत घेतलेलीं मापेंहि न्यूटनशीं किंचित् विसंगत होतीं. हें बल आणि न दिसणाऱ्या दिशा हे दोन विषय एक नव्हेत. परंतु दोहोंत सार एकच कीं, कांहीं विशिष्ट अंतरावर न्यूटनचा हिशेब चुकावा. जगभर तराजू टांगले जाऊं लागले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील रामनाथ कौशिक, एन्. कृष्णन्, एस्. एन्. टंडन व सी. एस्. उन्नीकृष्णन् ह्यांनीं हा प्रयोग हातीं घेतला. पण तो मुंबईंत केला नाहीं. बंगळूरच्या उत्तरेस गौरीबिदनूर नांवाचें गांव आहे. जमिनीखालच्या दूरदूरच्या स्फोटांची व भूकंपांची चाहूल घेण्यासाठीं ट्रॉम्बेच्या संस्थेनें १९६५ सालीं भूकंपमापकांची रांग तेथेंच मांडली होती. कारण तेथील खडक घट्ट आणि परिसर शांत. जेथें जमिनीचा बारीकसा कंपहि ऐकूं यावा इतकी शांतता आहे, तेथेंच पिळाचा तराजूहि सुखानें टांगतां येतो. अशा स्थलांतराचें उदाहरण मुंबईकरांस नवें नाहीं. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचें चुंबकमापन १९०४ सालीं अलिबागेस हलविण्यांत आलें होतें. नाजूक यंत्र व मोठें शहर ह्यांचें वैर जुनें आहे.

गौरीबिदनूर येथें जमिनीखालीं सुमारें २५ मीटर खोल प्रयोगशाळा करण्यांत आली, म्हणजे दिवस व रात्र, उन्हाळा व पावसाळा ह्यांचा उष्णतेचा फरक तेथवर पोंचूं नये. तराजूला कडें टांगलें होतें. त्याचा अर्धा भाग तांब्याचा आणि अर्धा शिशाचा. जवळ ठेविलेल्या जड वस्तूंकडे तांबें व शिसें निरनिराळ्या बलानें ओढलें गेलें असतें तर कडें वळलें असतें. तें वळलें नाहीं. १९८८ व १९९० सालीं ह्या मंडळींनीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले: एवढ्या सूक्ष्मतेपर्यंत असें बल नाहीं. इतर देशांतील प्रयोगांचेंहि तेंच मत पडलें. अमेरिकेंत एका उंच मनोऱ्यावर घेतलेल्या मापांत प्रथम फरक आढळला होता. तो भोंवतालच्या जमिनीच्या चढउताराचा हिशेब नीट न धरल्यामुळें भासला, असें मागाहून ठरलें. पांचवें बल कांहीं वर्षांतच ओसरलें.

ह्या प्रकरणांतून आमच्या लोकांनीं एक बोध घ्यावा असें आम्हांस वाटतें. आपल्याकडे शोध म्हणजे कांहींतरी सांपडणें, अशी समजूत आहे. जमिनीखालीं २५ मीटर उतरून, वर्षानुवर्षें एक कडें हलतें कीं नाहीं तें पाहत बसणें आणि शेवटीं 'हलत नाहीं' असें सांगणें, ह्यांत कोणाच्या घरीं पेढे वांटले जात नाहींत. परंतु त्या 'नाहीं'च्या पाठीशीं मोजमाप असतें. ज्या 'नाहीं'बरोबर 'इतक्या अंतरावर, इतक्या सूक्ष्मतेपर्यंत' हे शब्द आलेले असतात, तें 'नाहीं' ज्ञानाच्या भांडवलांत जमा होतें. ज्याच्याबरोबर ते शब्द नसतात, तें केवळ मत होय.

आतां मूळ विषयाकडे येऊं. १९९८ सालीं निमा अर्कानी-हमेद, सावास दिमोपुलोस आणि गिया द्वाली ह्या तिघांनीं कपाटांतील जुना विचार एकदम उजेडांत आणला. त्यांचा प्रारंभ एका विलक्षण गोष्टीपासून झाला. दोन प्रोटॉनांमधील विद्युत्-बल त्यांच्या गुरुत्वाकर्षणाहून इतकें मोठें आहे कीं, तें पट दाखविण्यास एकावर छत्तीस शून्यें मांडावीं लागतात. गुरुत्वाकर्षण एवढें दुबळें कां? ह्या तिघांनीं सुचविलें कीं तें मुळांत दुबळें नाहींच. तें गळून जातें. उंसाच्या मळ्यास पाटानें सोडलेलें पाणी वाटेंत बांधांतून झिरपत गेलें तर शेवटच्या वाफ्यास थोडेंच पोंचतें. वाफ्यावर उभा राहिलेला शेतकरी मात्र धरणांतच पाणी कमी आहे असें समजतो. प्रकाश, विद्युत् आणि आपलीं शरीरें हीं सर्व तीन दिशांच्या एका पडद्यावर खिळलेलीं आहेत, आणि गुरुत्वाकर्षण तेवढें पडद्याबाहेरच्या दिशांत पसरूं शकतें, अशी ही कल्पना.

कल्पनेचें मोल तिच्यांतून निघणाऱ्या आंकड्यावर ठरतें. अशी जादा दिशा एकच असेल, तर तिचा घेर ग्रहमालेएवढा निघतो. मग ग्रहांनीं केव्हांच वेगळ्या वाटा धरल्या असत्या, म्हणून तो पक्ष बाद झाला. तीन किंवा अधिक असतील तर घेर इतका सूक्ष्म निघतो कीं तराजूचा तेथें उपयोग नाहीं. परंतु दोन असतील तर तो मिलीमीटरच्या आसपास निघतो. तांदळाच्या दाण्याच्या जाडीहूनहि कमी एवढें हें अंतर; आणि शास्त्रज्ञांनीं मागें वळून पाहिलें तों असें आढळलें कीं एवढ्या अंतरावर न्यूटनचा नियम कोणी नीट तपासलेलाच नाहीं! तारकांची गति सांगणाऱ्या विद्येस आपल्या नखाच्या जाडीएवढ्या अंतरावरील आकर्षण ठाऊक नव्हतें.

तपासणें सोपेंहि नव्हतें. वस्तु एवढ्या जवळ आणावयाच्या तर त्या लहान हव्यात. लहान वस्तूंचें आकर्षण नगण्य. आणि त्यांच्या पृष्ठभागावरील अत्यल्प विद्युत्-भारहि त्या आकर्षणास सहज झांकून टाकतो. धुळीचा एक कण मध्यें आला तरी सारी मेहनत व्यर्थ. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतील मंडळींनीं कॅव्हेंडिशचाच तराजू नव्या रूपांत उभा केला. भोंकें पाडलेली एक धातूची चकती बारीक तारेनें टांगली, तिच्याखालीं तशीच भोंकांची दुसरी चकती सावकाश फिरत ठेविली, आणि विद्युत् अडविण्यासाठीं दोहोंच्या मध्यें पातळ धातूचा पडदा ताणला. खालचीं भोंकें वरच्या भोंकांखालून सरकतात तसतसा वरच्या चकतीस अगदीं थोडा पीळ पडतो. तो न्यूटनच्या हिशेबाइतकाच पडतो काय, एवढेंच पाहावयाचें. २००१ सालीं त्यांनीं मिलीमीटरच्या सुमारें पांचव्या भागापर्यंत नियम तपासला. २००७ सालीं ते मिलीमीटरचा सुमारें अठरावा भाग, म्हणजे ५५ मायक्रॉनपर्यंत पोंचले. २०२० सालीं ५२ मायक्रॉन अंतरावर आणखी काटेकोर मापें प्रसिद्ध झालीं, आणि जादा दिशा असलीच तर तिची त्रिज्या ३० मायक्रॉनहून अधिक नाहीं असें ठरलें. माणसाचा केंस सामान्यतः ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. प्रत्येक वेळीं उत्तर एकच: न्यूटन बरोबर आहे.

आकाशानेंहि साक्ष दिली. १९८७ सालीं दिसलेल्या अतिनवताऱ्यांतून न्यूट्रिनो ह्या कणांचा लोंढा काहीं सेकंद पृथ्वीवर आला. ताऱ्याची उष्णता जादा दिशांत गळून गेली असती तर तो लोंढा लवकर आटला असता. ह्या विचारानें दोन दिशांच्या पक्षास मिलीमीटर तर नाहींच, पण त्याच्या हजाराव्या भागाच्या आसपासच राहावें लागतें. मात्र हा पुरावा ताऱ्याच्या अंतरंगाविषयींच्या आपल्या समजुतीवर अवलंबून आहे. तराजूचा पुरावा प्रत्यक्ष आहे. दोन्हीं साक्षीदार हवेत.

तराजूची हद्द संपते तेथें जिनीव्हाजवळील सर्न संस्थेचें प्रचंड यंत्र सुरू होतें, आणि येथें ट्रॉम्बेचें नांव पुन्हां येतें. प्रोटॉनांवर प्रोटॉन आदळविले असतां गुरुत्वाकर्षणाचा कण उत्पन्न होऊन जादा दिशांत निघून गेला, तर टकरीच्या जमाखर्चांत तेवढी ऊर्जा कमी पडेल. किंवा तो कण विरून त्याचे दोन प्रकाशकण होतील. असे प्रकाशकण ओळखण्याच्या कामीं एक फसवणूक होते: सामान्य पायॉन कणापासून निघालेले दोन प्रकाशकण इतके जवळजवळ येतात कीं ते एकच भासतात. ही फसवणूक उघडकीस आणण्यासाठीं सीएमएस नांवाच्या शोधयंत्रांत सिलिकॉनच्या पातळ पट्ट्यांचा एक थर बसविला आहे. त्यांतील सुमारें १००० सिलिकॉन शोधक भाभा अणुसंशोधन केंद्रानें योजून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स ह्या कारखान्याकडून घडवून घेतले. प्रत्येक ६३ मिलीमीटरचा चौकोन, आणि त्यावर ३२ पट्ट्या.

२०१५ च्या डिसेंबरांत सर्नच्या दोन्ही मोठ्या शोधयंत्रांत प्रकाशकणांच्या जोड्या एका विशिष्ट ऊर्जेपाशीं किंचित् अधिक आढळल्या. अनेकांस तो जादा दिशांतून आलेला गुरुत्वकणच वाटला. कांहीं महिन्यांत शेंकडों निबंध लिहिले गेले. १९८६ चा प्रसंग पुन्हां घडत होता. २०१६ च्या ऑगस्टांत अधिक टकरींचा हिशेब पुरा झाला तेव्हां तें आधिक्य नाहींसें झालें. तो नुसता यदृच्छेचा खेळ ठरला. ज्यांनीं निबंध लिहिले त्यांस हंसण्याचें कारण नाहीं. परंतु ज्यांनीं टकरी मोजण्याचें थांबविलें नाहीं, त्यांचे उपकार अधिक.

लहान अंतरांची ही कथा झाली. मोठ्या अंतरांवरहि न्यूटनचा नियम ढळूं शकेल अशा योजना निघाल्या आहेत. १९९९ सालीं लिसा रँडॉल व रमण सुंद्रम ह्यांनीं दाखविलें कीं, जादा दिशा अनंत लांब असूनहि ती पुरेशी वांकलेली असेल तर आकर्षण आपल्या पडद्याजवळच कोंडून राहील आणि आपणांस व्यस्तवर्गच दिसेल. पुण्याच्या आयुका संस्थेंतील नरेश दधीच ह्यांनीं २००० सालीं आपल्या सहकाऱ्यांसह अशा पडद्यावरील कृष्णविवराचें एक समाधान काढलें. त्यांत जादा दिशेचा प्रभाव विद्युत्-भारासारखा प्रकट होतो, जणूं कृष्णविवरास भार नसतांना भार आहे. त्याच वर्षीं द्वाली, गाबादादझे व पोराती ह्या तिघांनीं ह्याच्या उलट पक्ष मांडला: जवळ आकर्षण तीन दिशांचें, आणि विश्वाच्या प्रचंड अंतरावर मात्र तें चौथ्या दिशेंत गळूं लागेल.

ह्या शेवटच्या पक्षाची परीक्षा १७ ऑगस्ट २०१७ ह्या दिवशीं झाली. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीपासून निघालेली गुरुत्वीय लहर अमेरिका व युरोप येथील यंत्रांनीं टिपली, आणि सुमारें पावणेदोन सेकंदांनीं त्याच घटनेचे गॅमा किरण येऊन पोंचले. दुर्बिणींनीं ती दीर्घिका शोधून काढली. ती सुमारें १३ कोटी प्रकाशवर्षें दूर आहे. लहर वाटेंत अन्य दिशांत गळली असती तर ती अपेक्षेहून क्षीण होऊन आली असती, आणि तिच्यावरून काढलेलें अंतर प्रकाशावरून काढलेल्या अंतराहून जास्त भरलें असतें. दोन्हीं अंतरें मापाच्या मर्यादेंत जुळलीं. १३ कोटी प्रकाशवर्षांच्या वाटेवरहि अवकाशाच्या दिशा तीनच निघाल्या.

ह्या परीक्षेचें पुढील स्थान महाराष्ट्रांतच ठरलें आहे. हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ, चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजांचें लायगो-इंडिया हें यंत्र उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. गोंगाटांतून लहरीची खूण निवडण्याचें गणित रचण्यांत पुण्याचे संजीव धुरंधर अग्रेसर होते. आणि यंत्राच्या बांधकामाचा भार ट्रॉम्बेच्या अणुशक्तिनगरांतील बांधकाम संचालनालयाकडे आहे. पृथ्वीवर दूरदूर अशीं यंत्रें जितकीं अधिक, तितकी लहरीची दिशा व अंतर अधिक नेमकें कळतें, आणि गळतीची परीक्षा अधिक कडक होते.

एवढा पैसा आणखी एका 'नाहीं'साठीं खर्च करावा काय, असा प्रश्न मराठवाड्याच्या कोरडवाहू मुलखांतून कोणी विचारला तर त्याला उद्धट म्हणतां येणार नाहीं. आमचें उत्तर असें आहे. त्या यंत्रापासून ताऱ्यांच्या टकरींविषयीं व सोन्यासारख्या जड धातूंच्या उत्पत्तीविषयीं जें ज्ञान मिळेल, तें स्वतंत्र आहेच. परंतु केवळ दिशांच्या प्रश्नापुरतें पाहिलें तरी, तीनशें वर्षें सर्वांनीं मानलेला नियम नखाच्या जाडीएवढ्या अंतरावर तपासलेला नव्हता, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. जो समाज आपले मानलेले नियम स्वतः मोजीत नाहीं, त्यास ते नेहमीं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागतात. गौरीबिदनूरच्या विहिरींत उतरलेल्यांनीं पांचव्या बलाविषयींचा निर्णय परदेशच्या मासिकांत वाचला नाहीं, तो लिहिला. ह्या दोहोंतील अंतर रुपयांत मांडतां येत नाहीं.

आज स्थिति काय आहे तें थोडक्यांत सांगून आम्ही हा निबंध आवरतो. तीस मायक्रॉनांहून मोठ्या अंतरांत जादा दिशेचा मागमूस प्रत्यक्ष तराजूस लागलेला नाहीं. १३ कोटी प्रकाशवर्षांच्या वाटेवर गळती आढळलेली नाहीं. सर्नच्या टकरींच्या हिशेबांत तूट निघालेली नाहीं. परंतु तीस मायक्रॉनांच्या खालीं तराजूनें आपला निकाल दिलेला नाहीं, आणि क्लाइनच्या अतिसूक्ष्म घेरापर्यंत जाण्याचा मार्ग कोणासहि ठाऊक नाहीं. म्हणून 'गुरुत्वाकर्षण अंतराच्या व्यस्तवर्गाप्रमाणें घटतें' हें वाक्य ह्यापुढें एकटें लिहूं नये. कोणत्या अंतरापासून कोणत्या अंतरापर्यंत, हा दाखला त्याला जोडावा.

घारापुरीच्या भाविकास पाठीमागचें चौथें मुख श्रद्धेनें दिसतें, आणि त्याचें दर्शन पुरें होतें. शास्त्रज्ञास ती सवलत नाहीं. त्यानें खडकाच्या मागें जाऊन पाहिलें पाहिजे. आणि तेथें नुसता खडकच आढळला, तर परत येऊन तसें सांगितलें पाहिजे.